मावेजाचे पैसे आणि पाच तारे

ती. बाबांस आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मावेजाचे, म्हणजे भरपाईत मिळालेले पैसे बँकेनं दाखवलेल्या पाच तारेवाल्या म्युच्युअल फंडात टाकायचा विषय फोनवर निघाला की बाबा, तुमचा आवाज चढतो आणि माझा रडवेला होतो, म्हणून लिहितेय. बँकेतल्या त्या साहेबांना मी कालच कळवलंय, की सोमवारी घरी येऊ नका, बाबा त्या फंडाचा फॉर्म भरणार नाहीत. तुम्हाला न विचारता कळवलं. रागवा, पण आधी सगळं वाचून घ्या. आई, तूच चष्मा लावून मोठ्यानं वाच, म्हणजे यांना मधेच उठून ओसरीवर जाता येणार नाही.

तुम्ही पाठवलेला फंडाच्या पत्रकाचा फोटो मी मोठा करून पाहिला. पाच ताऱ्यांभोवती लाल पेनानं गोल केलाय, शाळेत वह्या तपासताना करायचात तस्साच. पण खाली कोपऱ्यात काटा असलेलं एक अर्धवर्तुळ आहे, ते पाहिलंत का? त्याला रिस्कोमीटर म्हणतात. जोखमीचे सहा टप्पे, आणि या फंडाचा काटा पार शेवटच्या, लाल टप्प्याला टेकलाय. सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची सक्ती आहे म्हणून ते छापलं, तेही एवढंसं.

तारे खोटे नसतात हो. एकाच प्रकारच्या सगळ्या फंडांनी मागच्या काही वर्षांत किती कमावलं आणि त्यासाठी किती धोका पत्करला, हे धरून त्यांची रांग लावतात. वरच्या 10 टक्क्यांना पाच तारे, पुढच्या 22.5 टक्क्यांना चार, मधल्या 35 टक्क्यांना तीन. म्हणजे बाजार कितीही कोसळला तरी वरच्या 10 टक्क्यांना पाच तारे मिळणारच. सगळे बुडाले तर जो कमी बुडाला त्याला. आणि तुमचा हा फंड स्मॉल कॅपचा. पहिल्या 250 मोठ्या कंपन्या सोडून खालच्या लहान कंपन्यांत त्याला निदान 65 टक्के पैसा ठेवावाच लागतो. जानेवारी 2018 ते मार्च 2020 या काळात अशा कंपन्यांचा निर्देशांक निम्म्याच्याही खाली आला होता. पाच तारेवाले फंड तेव्हाही होतेच की!

तुम्ही परवा विचारलंत, ‘पेपरात याला एक नंबर दिलाय, मग तारे पाच कसे?’ तर क्रिसिल या मूल्यांकन करणाऱ्या कंपनीच्या क्रमवारीत 1 म्हणजे सगळ्यांत वरचा, आणि ताऱ्यांत 5 म्हणजे वरचा. माणसानं गोंधळू नये तर काय करावं!

बाबा, तुरीचं आठवा. 2015 ला तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर गेली, म्हणून पुढच्या खरिपाला आपल्यासकट सगळ्या शिवारानं तूरच पेरली. पाऊसही झाला. आणि मग 5,050 च्या हमीभावासाठी तुम्ही खरेदी केंद्रावर रात्री काढल्यात, बारदाना संपला म्हणून. माल चांगलाच होता, पण आपण पेरणी केली ती आदल्या वर्षीचा भाव बघून. तारेसुद्धा मागचंच बघून दिलेले असतात. मामांच्या पतसंस्थेचं मी उगाळत नाही.

आता पैशांचं. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत दसऱ्याला तुम्ही दोघांनी सह्या केल्यात, ते 15 लाख तिथेच राहतील. 8.2 टक्के, पाच वर्षं दर बदलायचा नाही. दर तिमाहीला दोघांचे मिळून 30,750 रुपये खात्यावर येतील. त्यातून आईच्या गुडघ्याच्या गोळ्या, दूध, गॅस, इन्व्हर्टरची बॅटरी सगळं भागेल, तुमच्या पेन्शनला हात लावायला नको. आई, सकाळी गार पाण्यात हात घालायचं आता बंद, गिझर घे. आजारपणासाठी 3 लाखांची एफडी केली, ती कधीही मोडता येते.

उरलेले 2 लाख मी कन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड फंडात टाकले. शेअर 10 ते 25 टक्के, बाकी रोखे, म्हणजे व्याजानं दिलेलं कर्ज. त्यालाही थोडी जोखीम आहेच, पण हे पैसे पाच-सात वर्षं तुम्हाला लागायचे नाहीत. डायरेक्ट प्लॅन घेतलाय, मधे कुणाचं कमिशन नाही. आणि हो, त्याला तीनच तारे आहेत. मुद्दाम सांगतेय, नाहीतर तुम्ही पेपरात शोधाल आणि म्हणाल, पोरीनं आम्हाला मधल्या बाकावर बसवलं. दादालाही सांगितलंय. तो म्हणाला, तुझं तू बघ. नेहमीसारखंच.

त्या दिवशी हे पैसे टाकताना मी ओटीपी मागितला आणि तुम्ही एक शब्द न विचारता दिलात. मला लातूरला अकरावीला घातलंत तेव्हाही तुम्ही असंच काही विचारलं नव्हतं. आईचा डबा एसटीनं यायचा. धपाटी आणि दही. दह्याचं पाणी सुटून फडकं ओलं झालेलं असायचं आणि मी ते फडकं धुवायचेच नाही दोन दोन दिवस. असो.

ओटीपी मला दिलात तसा दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही. बँकेतला तो मुलगा रस्त्यात भेटला तर त्याला चहा पाजा, सही देऊ नका. तो बिचारा वाईट नाही, त्याला टार्गेट असतं. बाबा, बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर ते डॉक्टरांना पुन्हा विचारा, स्वतःच्या मनानं ठरवू नका. आई, तू मोतीबिंदूची तारीख आणखी पुढे ढकलू नकोस. येळवसला, वेळ अमावास्येच्या सणाला मी येतेच आहे, तेव्हा भांडून घेऊ.

तुमची,
बेबी

ता. क. पोस्टाच्या दोन्ही पासबुकांच्या पहिल्या पानांचे फोटो पाठवा. नॉमिनीत आईचं नाव ‘शकुंतलाबाई’ लिहिलंय की ‘शकुंतला’, ते मला आधारशी ताडून बघायचंय.