‘आराम पडला’, पण कुणापेक्षा?

महोदय,

पाठ-गुडघेदुखीवरच्या पूरक उपचारांच्या संशोधनाला आरोग्य पुरवण्यांत बरीच जागा मिळते. ‘निम्म्या रुग्णांना आराम’ असा मथळा असतो. तुलना कोणत्या गटाशी केली, हे मात्र बातमीत सहसा नसते.

जर्मनीतल्या ‘गेराक’ या अ‍ॅक्युपंक्चर (ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याच्या उपचाराच्या) चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण, अर्ध्या अर्ध्या तासाची किमान दहा सत्रे. सहा महिन्यांनी ठरलेल्या निकषाइतका फरक अ‍ॅक्युपंक्चर गटात ४७.६ टक्के रुग्णांना पडला, तर औषधे-फिजिओथेरपी-व्यायामाच्या गटात २७.४ टक्क्यांना. एवढेच छापले तर अ‍ॅक्युपंक्चरचा डंका वाजतो. पण तिसराही गट होता. त्यातल्या रुग्णांना मान्य बिंदू सोडून भलतीकडेच, तेही जेमतेम १ ते ३ मिलिमीटर खोल सुया टोचल्या होत्या. तिथला आकडा ४४.२ टक्के! म्हणजे सुई कुठे आणि किती खोल टोचली, याला फारसे महत्त्व उरले नाही. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांना आपल्या वाट्याला नवे काही आले नाही हे ठाऊक होते. सुया टोचून घेणाऱ्यांना आशा होती आणि दर खेपेला अर्धा तास कुणीतरी त्यांच्याकडे लक्ष देत होते. म्हणून ‘अ‍ॅक्युपंक्चर थोतांड’ हा मथळाही चुकेल. रुग्णांना बरे वाटले ते खरेच, बिंदूंचा सिद्धान्त तेवढा सिद्ध झाला नाही.

अशा चाचण्यांसाठी जर्मनीतल्याच हायडेलबर्गच्या डॉ. श्ट्राइटबर्गर यांनी १९९८ मध्ये न टोचणारी सुई मांडली. टोक बोथट, दाबली की दांडी मुठीतच सरकते. कातडीवर प्लास्टिकचे कडे आणि त्यावर चिकटपट्टी, त्यामुळे सुई उभी राहते. टोचल्याची जाणीव होते, सुई आखूड झालेली दिसते आणि ती आत गेली असे रुग्णाला वाटते. सुई लावणाऱ्याला मात्र खरे-खोटे कळतेच. ही त्रुटी या सुईत राहतेच.

गोळ्यांच्या चाचणीत ही अडचण नाही. पुण्यातले संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेवर केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ४४० रुग्ण, २४ आठवडे, चार गट: गुळवेल, सुंठ, आवळा, शल्लकी यांच्या अर्कांची दोन मिश्रणे, ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठीचे पूरक) आणि सेलेकॉक्सिब (वेदनाशामक). वेदना चारही गटांत जवळपास सारख्याच कमी झाल्या. निष्कर्ष चांगला आहे, पण निष्क्रिय गोळीचा गट नव्हता. गुडघा फार दुखायला लागला की माणूस डॉक्टर गाठतो, त्यामुळे पुढे काही काळ दुखणे आपसूकही उतरते. त्यातला औषधाचा वाटा किती, हे या रचनेतून निघत नाही. शिवाय आयुर्वेदिक गटांतल्या काही रुग्णांचे एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतले एक विकर) वाढले. सात जणांना चाचणीतून काढावे लागले आणि औषध थांबवल्यावर आकडा पूर्ववत झाला. ‘सेलेकॉक्सिबच्या तोडीचे’ हे छापताना ही ओळ गाळू नये. अंगणातल्या गुळवेलीचा काढा म्हणजे चाचणीतला मोजून दिलेला अर्क नव्हे, हेही जोडीला सांगावे. गुळवेल घेतलेल्या रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत.

विनंती एवढीच, की टक्केवारीबरोबर तुलनेचा गट, मधेच सोडून गेलेल्यांची संख्या आणि चाचणी भारतातली असल्यास सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) क्रमांक छापावा. त्या क्रमांकाची नोंद रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे का आणि तिथे लिहिलेला मुख्य निकष शोधनिबंधातही तोच आहे का, एवढे बातमीदाराने ताडून पाहावे. निकष बदलला असेल, तर बातमी त्या बदलाचीच करावी.

— एक वाचक, पुणे