सूचना : माझी एन्टरप्राइज प्रकारची शिडाची होडी द्यायची आहे

सभासदांना नमस्कार. पक्षाघातानंतर उजव्या हाताची पकड परत आलेली नाही. वारा वाढला की मोठ्या शिडाचा दोर हातात घट्ट धरून काठाबाहेर झुकावं लागतं; डॉक्टरांनी साफ नाही म्हटलंय. म्हणून होडी देतोय.

जॅक होल्ट यांच्या 1956 च्या आराखड्याची, दोघांची, सुमारे 4 मीटर लांब. निळी शिडं चांगली आहेत, पुढच्याला एक ठिगळ आहे. सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) फटीत वाळू गेली की तो अडकतो. पातळ पट्टी घालून सोडवायचा, हातोडा नको!

शिकाऊ मुलांनी घेतली तर उत्तम, किमतीचं बघू. पाऊस संपून हंगाम सुरू व्हायच्या आत शेडमध्ये बघून घ्या. फोनवर बोलताना अजून अडखळतो, तेव्हा मेसेजच करा.