जुने बिलियर्ड्स टेबल दुरुस्तीला देण्याआधी खालून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिमखान्यांतून आणि जुन्या बंगल्यांतून निघालेली बिलियर्ड्सची टेबले हल्ली ‘व्हिंटेज पूल टेबल’ म्हणून सर्रास विकायला ठेवलेली दिसतात आणि हौशी मंडळी ती घेऊन लगेच कापड बदलायला, पॉलिश करायला देतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने नेमके हेच केले. टेबल खरोखर कोणते आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे न तपासताच आम्ही दुरुस्तीवर मोठी रक्कम घातली. ती चूक इतरांच्या हातून होऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नवे कापड चढले, लाकूड आरशासारखे चमकू लागले, पण सावकाश मारलेला चेंडू दर वेळी एकाच जागी डावीकडे कलू लागला. शेवटी एका क्लबात अनेक वर्षे मार्करचे, म्हणजे गुण मोजण्याचे आणि टेबल सांभाळण्याचे, काम केलेले एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी वरून काही पाहिलेच नाही. बॅटरी घेऊन ते थेट टेबलाखाली आडवे झाले आणि दोनच मिनिटांत त्यांनी आम्हाला खाली बोलावले. कापडाखालच्या पाच स्लेटांपैकी, म्हणजे दगडी फरश्यांपैकी, चौथी दुसऱ्याच कुठल्या तरी टेबलाची होती. ती बाकीच्यांपेक्षा पातळ असल्याने तिच्याखाली पत्ते घडी करून सरकवले होते, आणि त्यातल्या बदामाच्या सत्तीचा कोपरा बाहेर डोकावत होता. विक्रेत्याने यातले अवाक्षरही सांगितले नव्हते, पण आम्ही तरी कुठे विचारले होते?

सर्वांत आधी टेबलाची जात ओळखावी. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत मुख्यतः इंग्रजी पद्धतीची, बारा फूट बाय सहा फुटांची, बहुधा आठ पायांची टेबले असतात. त्यांच्या पॉकेटांच्या, म्हणजे चेंडू पडण्याच्या भोकांच्या, तोंडाशी कुशन (कडेची रबरी गादी) गोलाईने वळलेले असते. अमेरिकी पूल टेबल सात, आठ किंवा नऊ फुटांचे असते आणि त्याच्या कुशनची टोके सरळ, कोनात कापलेली असतात. हा फरक केवळ दिसण्याचा नाही. बिलियर्ड्स-स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा, तर पूलचा ५७ मिलिमीटरहून किंचित मोठा असतो, आणि कुशनची उंची चेंडूच्या व्यासावरून ठरते. त्यामुळे बिलियर्ड्सच्या टेबलावर पूलचे चेंडू ठेवले, तर कुशनची धार त्यांना हवी त्यापेक्षा खाली लागते आणि जोरात आलेला चेंडू उसळतो. इंग्रजी टेबलाला ‘पूल टेबल करून देतो’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावाच्या पट्टीवर विसंबू नये. थर्स्टन, बरोज अँड वॉट्स, रायली ही इंग्लंडच्या टेबल बनवणाऱ्यांची नामांकित नावे, पण पट्टी चार स्क्रूंवर बसलेली असते आणि एका टेबलावरून दुसऱ्यावर सहज जाते. खरा पुरावा सांगाड्यात असतो. आमच्या टेबलाच्या चौकटीच्या सांध्यांवर आणि स्लेटांच्या कडांवर जुळणीचे आकडे कोरलेले होते. चौथ्या स्लेटवर मात्र आकडा नव्हता, आणि तेवढे पाहिले असते तरी पुरे होते. विक्रेता वय वाढवून सांगत असेल, तर हेही लक्षात ठेवावे की पूर्वी टेबलाचा पृष्ठभाग लाकडी फळ्यांचा असे. थर्स्टनने स्लेट वापरायला १८२६ च्या सुमारास सुरुवात केली आणि व्हल्कनाइझ्ड (गंधकाने पक्क्या केलेल्या) रबराची कुशने १८४० च्या दशकात आली. ‘ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर’ असे अमेरिकी कंपनीचे नाव असेल, तर ते टेबल १८८४ च्या आधीचे असू शकत नाही.

टेबलाचा जीव स्लेटमध्ये असतो. ती म्हणजे आपल्या लहानपणच्या दगडी पाटीचाच दगड. एक इंच जाडीच्या चौरस फूटभर स्लेटचे वजन साधारण साडेसहा किलो भरते. म्हणजे मोठ्या टेबलाची स्लेट दीड इंची धरली तरी सातशे किलोंच्या आसपास जाते, आणि ते वजन पेलणारी जमीन आहे का, हे घेण्याआधीच पाहावे. पॉकेटच्या भोकात बॅटरी मारली की कापलेली कड दिसते. ती करडी, एकसंध आणि हाताला गार लागली तर दगड, भुश्शासारखी दिसली तर दाबून बनवलेला बोर्ड. पॉकेटांच्या आणि बोल्टच्या भोकांपाशी तडे शोधावेत. सांध्यावरून नख फिरवावे, अडकले तर स्लेटा एका पातळीत नाहीत. सांधे पुन्हा जुळवता येतात, पण हरवलेल्या स्लेटच्या जागी मापाची दुसरी मिळणे फार अवघड असते.

बाकीचे त्यामानाने सोपे. कापड आणि रबर बदलता येते. रबर दगडासारखे कडक झाले असेल, तर तेवढा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. आपल्या दमट हवेत वाळवी आणि भुंगा यांची भीती मोठी, म्हणून पायांचे तळ आणि चौकटीची आतली बाजू ठोकून पाहावी. जुन्या लाखेच्या पॉलिशवर मशीन चालवू देऊ नये, कारण वरचा लाकडाचा पातळ थर (व्हिनीयर) एकदा घासला गेला की परत येत नाही.

टेबलाबरोबर कोणी जुने हस्तिदंती चेंडू देऊ केले, तर ते घेऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या व्यापाराला मनाई आहे, आणि ती परदेशातून आलेल्या हस्तिदंतालाही लागू आहे.

क्लबांच्या व्यवस्थापनांनाही एक विनंती आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले. त्या काळी ज्या टेबलांवर आपल्याकडे हा खेळ रुजला, ती आज खोली रिकामी करण्याच्या घाईत भंगाराच्या भावाने जात आहेत. ती विकायचीच असतील, तर सुटी करण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो काढावा, स्लेटांना क्रमांक घालावेत, आणि कोणती दुरुस्ती केव्हा झाली याचा एक कागद खरेदीदाराच्या हाती द्यावा. आमच्या टेबलाबरोबर असा कागद आला असता, तर ती चौथी स्लेट आम्हाला पहिल्याच दिवशी कळली असती.

आपला,
एक बिलियर्ड्सप्रेमी वाचक, पुणे