नानांच्या आयुष्याची उरलेली ३० वर्षं

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी वाळवा तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक. पत्र लिहायला कारण घडलं ते क्रांतिसिंह नाना पाटलांच्या जयंतीचं. गेल्या ३ ऑगस्टला आमच्याकडच्या एका कार्यक्रमात आठवीतली एक मुलगी भाषण करणार होती. भाषण तिचं तिनंच लिहिलं होतं, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून दिलं. नानांनी तलाठ्याची नोकरी सोडली, भूमिगत झाले, प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात लोकांचं समांतर सरकार, चालवलं, सगळं नीट आलं होतं. शेवटी दोन ओळी होत्या : पुढे नाना लाल झेंड्याखाली गेले; कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून ते साताऱ्यातून आणि नंतर बीडमधून निवडून आले. संयोजकांनी त्या दोन ओळींवर पेनानं आडवी रेघ ओढली. "जयंतीत राजकारण नको, बाळ," एवढंच म्हणाले. पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि मी काहीच बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता आपल्याला लिहितो आहे.

नाना १९४६ साली भूमिगत आयुष्यातून उजेडात आले आणि ६ डिसेंबर १९७६ ला गेले. मधली ३० वर्षं आपण सगळ्यांनी मिळून गिळून टाकली आहेत. घोड्यावरचे, फेट्यातले, इंग्रजांना हुलकावणी देणारे नाना सगळ्यांना हवेत. जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा म्हणून गावोगाव घसा कोरडा करणारे नाना मात्र कुणालाच नकोत. पण हे दोन नाना वेगळे नव्हते हो!

प्रतिसरकार म्हणजे नुसती रेल्वेची लूट नव्हे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवली, ती हकीकत पोरांना तोंडपाठ असते. पण कुंडलच्या आणि वाळव्याच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ती आधी सांगायची न्यायदान मंडळांबद्दल. बांधाचं भांडण, सावकाराकडे अडकलेलं रान, टाकून दिलेली बायको, असले तंटे गावातच मिटायचे, वकील नाही की कोर्टाच्या खेपा नाहीत. गुंडाच्या, फितुराच्या तळपायावर काठ्या बसायच्या. त्याला लोक पत्र्या मारणं म्हणत, म्हणून प्रतिसरकारचं झालं पत्री सरकार. लग्नापायी कर्जात बुडू नये म्हणून हार घालून गांधी विवाह लागायचे. दारूबंदी होती, वाचनालयं होती. आजच्या सातारा-सांगलीतल्या सुमारे १५० गावांत हे चाललं. त्यातही कुंडल औंध संस्थानात होतं, त्यामुळे इंग्रज हद्दीतल्या पोलिसांना तिथं थेट हात घालता येत नव्हता, हा भूगोलही कामाला आला.

नाना मूळचे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक वळणाचे. येडेमच्छिंद्रच्या या शेतकऱ्याच्या पोरानं तलाठी असताना सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढतं आणि कुणाचं उतरतं ते रोज बघितलं होतं. १९३० ला नोकरी सोडली ती कायदेभंगासाठी, पण जमिनीचा प्रश्न त्यांच्या डोक्यातून कधी उतरला नाही. स्वराज्य आलं, रान होतं त्याच्याच नावावर राहिलं, तेव्हा ते काँग्रेसमधून बाहेर पडले, आधी शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. यात एक अवघड गोष्ट आहे, ती लपवू नये. १९४२ ला कम्युनिस्ट पक्ष चले जाव चळवळीच्या बाजूनं नव्हता. ज्या लढ्यात नाना डोक्यावर बक्षीस घेऊन रानोमाळ फिरले, त्या लढ्याला तो पक्ष बाहेरून बघत होता. तरी पुढच्या दहाएक वर्षांत नानांना त्याच पक्षात जावंसं वाटलं. का वाटलं, हा प्रश्न आठवीच्या मुलांना विचारला तर त्यांना इतिहास म्हणजे काय ते कळेल. आपण रेघ मारून तो प्रश्नच पुसतो.

त्याच रानातून दुसरी वाटही निघाली. २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून निघालेले वसंतदादा पुढे मुख्यमंत्री झाले, सहकार उभा केला. यशवंतराव चव्हाणही साताऱ्याच्या बेचाळीसच्या लढ्यातलेच. त्यांची उरलेली आयुष्यं आपण शिकवतो, शिकवलीच पाहिजेत. मग नानांचंच अर्धं का?

१९५५ ला डहाणूला, वारल्यांच्या मुलखात, अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष नाना होते. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते साताऱ्यातून दिल्लीला गेले आणि लोकसभेत आपल्या मराठीत बोलले. १९६७ ला बीडनं त्यांना निवडून दिलं. वाळवा तालुक्यातला माणूस, आणि निवडून देणारा मुलूख वीस वर्षांपूर्वीपर्यंत निजामाचा!

बीडचं मला जवळून कळलं ते अलीकडे. आमच्या शिवारात दर हंगामात तिकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. पहाटेच्या अंधारात कोयत्यांचा सपसप आवाज सुरू होतो, खोप्यांपुढं चुली पेटतात. दोन वर्षांमागं एका खोपीपुढं सत्तरीच्या घरातले एक आजोबा नातवंडं सांभाळत बसले होते. पोरगा आणि सून फडात, मुकादमाची उचल अजून फिटायची होती. मी गावाचं नाव सांगितलं तसे म्हणाले, "म्हंजी नाना पाटलाच्या मुलखातले की तुमी. म्या धा वर्साचा आसन, बापासंगं त्येंची सभा ऐकाया गेल्तो." आणि पाचटावर बोटानं नानांच्या पक्षाचं चिन्ह, विळा-कणसाची खूण, काढून दाखवली. ज्या नानांना त्या आजोबांच्या बापानं मत दिलं, ते आमच्या जयंतीत बसत नाहीत. आजोबांच्या घरातली तिसरी पिढी मात्र नानांच्याच मुलखात कोयता घेऊन येते.

आपल्या खात्याच्या हातात पुष्कळ आहे. पुराभिलेखांत साताऱ्याच्या प्रतिसरकारासंबंधीचे पोलिसी कागद जे असतील ते सर्वांना बघता येतील असे खुले करा, त्यांच्या प्रती सातारा, सांगली आणि बीडच्या जिल्हा ग्रंथालयांत ठेवा. नानांची लोकसभेतली भाषणं एकत्र छापा. हौसाताई, नानांची लेक, २०२१ ला गेल्या. नानांचे साथीदार नागनाथअण्णा, जी. डी. बापू त्याआधीच गेले. प्रतिसरकारच्या तुफान सेनेतलं ऐकलेलं सांगणारी मुलं-सुना अजून गावोगाव आहेत, त्यांच्याकडे ध्वनिमुद्रण करायला माणसं पाठवा, आणि बीडलाही पाठवा. सरकारी खर्चानं जिथं नानांचा परिचय लिहिला जाईल तिथं तो १९७६ पर्यंत लिहिला जावा. त्यांचा पक्ष आपल्याला पटत नसेल. पण तो त्यांनी उघड्या डोळ्यांनी निवडला होता.

मुलीचा तो कागद मी मागून घेतला होता. रेघेखालची अक्षरं अजून स्वच्छ वाचता येतात. प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. वाळवा, जि. सांगली