शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: चौथीतल्या मुलींनी विचारलं, तर बोलायचं की नाही?

मा. शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. गेल्या आठवड्यात एका चिमुरडीवरच्या अत्याचाराची बातमी मुलांनी घरच्या मोबाइलवर पाहिली. दुसऱ्या दिवशी गणित बाजूला ठेवून मी त्यांना बोलू दिलं. त्याबद्दल नोटीस आली आहे: 'अभ्यासक्रमबाह्य चर्चा करून विद्यार्थ्यांत भीती पसरविणे.' तीन दिवसांत खुलासा द्यायचाय.

भीती मी पसरवली? साहेब, माझ्या वर्गातल्या मुली शौचालयात जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. एकीने विचारलं, "बाई, ते काका शाळेतलेच होते ना? मग आपल्या शाळेतले काका?" याचं उत्तर पाठ्यपुस्तकात कितव्या पानावर आहे तेवढं कळवावं.

बदलापूरला शाळेतच चिमुरड्यांवर अत्याचार झाल्यावर २० ऑगस्ट २०२४ रोजी लोक रुळांवर उतरले आणि २१ तारखेला शासन निर्णय हजर! महिन्याभरात सीसीटीव्ही, शिवाय तक्रारपेटी. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती तर २०२२ पासूनच कागदावर होती. आमच्याकडे पेटी आहे, कुलूपही आहे, किल्लीचं विचारू नका. मुलांशी बोलायचं कसं, यावर एक ऑनलाइन प्रशिक्षण झालं, त्यात निम्मा वेळ आवाजच येत नव्हता. समुपदेशक अख्ख्या तालुक्यात नसावा. मला तरी कधी दिसला नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा प्रकार कळला की पोलिसांना सांगणं मला बंधनकारक, नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मुलीने मला सांगितलं पाहिजे, पण मी तिला बोलतं केलं की नोटीस!

रात्री तीनला जाग येते ती येतेच. घरचे म्हणतात, नोकरी सांभाळ. इतक्या वर्षांत सेवापुस्तकावर एक शेरा नव्हता, आता निवडश्रेणीच्या, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीच्या, तोंडावर हे. वर्गात रडता येत नाही म्हणून एसटीत रडते.

अशा घटनेनंतर मुलांशी बोलायला एक तास द्या, आणि तसं लेखी द्या. तालुक्याला एक तरी समुपदेशक नेमा.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम नको. तरी आम्ही घरोघर सर्वेक्षणं केली, तांदळाचा हिशेब ठेवला, पुढाऱ्यांच्या कार्यक्रमांना मुलं उन्हात नेऊन बसवली. तेव्हा कुठे होता तुमचा अभ्यासक्रम?

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका