ताई, तुम्ही डाव धरून थांबलात

आमच्या अंगणवाडीच्या ताईंना,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री वीज गेली आणि छकुली म्हणाली, "लाईट संपली." चांदोबा ढगाआड गेला की तोही संपतो. बाबा कामावर गेले की बाबा संपतात! परवा स्वतःची चप्पल स्वतः घातली आणि ओरडली, "मी करलं!" मी सुधारलं नाही. मारलं, भरलं, धरलं ऐकून तिनं आपल्या डोक्यानं घडवलेला शब्द आहे तो, तिला कुणी शिकवलेला नाही. असे सगळे शब्द मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवते. दीडशेच्या पुढे गेलेत.

ताई, ती तीन वर्षांची झाली तेव्हा आठ होते. दोन वर्षांच्या मुलाला साधारण ५० शब्द यावेत, दोन शब्द जोडता यावेत, हे मला तेव्हा कुणीच सांगितलं नाही. घरच्यांनी जीभ जड म्हणून वेखंड उगाळून लावलं. ज्या डॉक्टरांकडे दोनदा गेलो, त्यांनी मान वर न करता "मोबाईल दाखवता ना?" एवढंच विचारलं. तिच्या कानात साधं डोकावलंसुद्धा नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आठवड्याभरात ओळखलंत. मागून हाक मारली तर वळत नाही, पातेल्याचं झाकण पडलं की दचकते. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. पुढचे उपचार झाले, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मला सांगायचंय ते उसळीच्या दिवसाचं. कान मोकळे झाले तरी ती बोटच दाखवायची, आणि आम्ही लगेच हातात द्यायचो. तुम्ही डाव घेऊन तिच्यासमोर उकिडव्या बसलात, "काय हवं, बाळा?" विचारलंत आणि गप्प राहिलात. मागे मुलं ताटल्या वाजवत होती. मी दारातून "द्या हो ताई" म्हणणार, तोच तुम्ही नजरेनं मला थांबवलंत. मग ती म्हणाली, "अजून."

तुम्ही म्हणालात, "अजून उसळ हवी? घे." जणू ती रोजच बोलते.

१९७५ पासून ही योजना आहे, आणि मी अंगणवाडी म्हणजे खाऊवाटप समजत होते. वजनं घ्यायची, रजिस्टरं भरायची, मोबाईलवर नोंदी करायच्या, मानधनासाठी संपावर जायचं, आणि तरी एका मुलीच्या एका शब्दासाठी अख्खी पंगत थांबवायची. एवढी माणुसकी कुठून आणता, ताई?

रविवारी ती तुमच्या बंद दाराशी उभी राहिली. "ताई संपली?" मी म्हटलं, आज सुट्टी, उद्या येतील. कुलपाकडे बघत ती म्हणाली, "अजून ताई."

तुमची,
छकुलीची आई