अक्षतांचे चौकोन झाले

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट एमपी४ करून पेनड्राइव्हमध्ये टाका, कॅसेट भंगारात द्या आणि माळा मोकळा करा म्हणून. पहिलं अर्धं बरोबर आहे हो, पण दुसऱ्या अर्ध्यासाठी हे लिहायला बसलो, कारण मी नेमकं तेच केलं आणि आता डोक्याला हात लावून बसलोय.

नव्वदच्या दशकात मी शूटिंग करायचो, लग्न, बारसं, मुंज, मिळेल ते. १९९६ ला आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक लग्नाचा सोहळा, शूट केला होता, तो जिथं होतो तो संमती कट्टा, नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली ती गर्दी आणि हवेत उडणारे तांदूळ. २००९ ला एका दुकानात त्याची डीव्हीडी करून घेतली, दोन तासांचा माल ४.७ जीबीत कोंबला आणि कॅसेट भंगारवाल्याला दिली. परवा नातवाला मोठ्या टीव्हीवर लावून दाखवली तर संमती वाचनापर्यंत सगळं ठीक, अन् अक्षता पडायला लागल्या की अख्खं चित्र चौकोनी चौकोनी. नातू विचारतो, आजोबा टीव्ही बिघडला का?

टीव्ही चांगला आहे. डीव्हीडीत असतं काय की थोड्या थोड्या वेळानं एकच फ्रेम पूर्ण साठवतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय हललं तेवढं लिहितात. माणूस नुसता उभा असला तर हे झकास चालतं, पण हजारो तांदूळ, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला, एवढं लिहायला जागाच उरत नाही, मग ते दाणे पुसून चौकोन भरून टाकतात. आणि एकदा टाकलेलं परत येत नाही. आता त्या डीव्हीडीची कितीही भारी फाइल बनवली तरी चौकोनच छान जपले जातील.

यावर उपाय आहे, त्याला लॉसलेस म्हणतात, म्हणजे चित्रातलं काहीही न गमावता फाइल लहान करणं. आपल्या सोलापूरच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. जेकार्ड चादरीवरचा मोर दहा वेळा येत असला तरी पंचकार्ड दहा वेळा पाडत नाहीत, एकदाच पाडतात आणि मागावर तेच फिरवतात, पण चादरीतला एक धागाही कमी होत नाही. तसंच हे. एफएफव्ही१ नावाचं एक फुकट कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची आणि उघडायची पद्धत आहे, एफएफएमपेग नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये येतं, ते प्रत्येक ठिपका शेजारच्या आणि वरच्या ठिपक्यावरून ओळखायचा प्रयत्न करतं आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक साठवतं. उघडल्यावर मूळ ठिपका जसाच्या तसा. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवता येते, त्यामुळे एक बिघडली तरी बाकीच्या वाचतात, आणि तिसऱ्या आवृत्तीत तर फ्रेमच्या तुकड्यातुकड्याला तपासणीचा आकडा जोडता येतो, म्हणजे हार्डडिस्कवर काही सडलं तर नेमकं कुठं ते कळतं. २०२१ ला त्याचं आरएफसी ९०४३ म्हणून सगळ्यांना वाचता येणारं रीतसर तांत्रिक दस्तावेजही निघालंय, म्हणजे उद्या एखादी कंपनी बुडाली म्हणून फाइल उघडत नाही असं व्हायला नको.

जागा मात्र खातं, ते खोटं कशाला बोलू. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या (जुन्या टीव्ही-कॅसेटची चित्रपद्धत) एका तासाला काहीच न दाबता साधारण ७५ जीबी लागतात, लॉसलेस केलं की अंदाजे निम्म्यावर येतं, कॅसेटवर मुंग्या जास्त असल्या तर तेवढंही दाबलं जात नाही. म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर पन्नासेक तास. दोन डिस्क घ्या, एक घरी, एक पाहुण्यांकडे. मोबाइलवर बघायला एमपी४ वेगळी करा, त्याला माझी ना नाहीये. आणि मिनीडीव्ही, म्हणजे कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट, असेल तर हा उद्योग करूच नका, ती आधीच डिजिटल असते, फायरवायर नावाच्या केबलनं कॉम्प्युटरवर आहे तशी उतरवून घ्या, तासाला १३ जीबीच्या आसपास.

एका दुकानातला पोरगा मला म्हणाला, काका, व्हीएचएसमध्ये (त्या जुन्या मोठ्या कॅसेटमध्ये) असतंयच काय, कशाला करालाव एवढं? अरे बाबा, मुळात कमी आहे म्हणूनच तर त्यातलं आणखी कापायला नको ना! ही दुकानं अजून एक घोळ घालतात, कॅसेटवर सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम असतात, त्यातल्या निम्म्या सरळ टाकून २५ करतात, मग हलगीवाल्याचा हात झटके देत हलतो. आधीच सांगा, फील्ड, म्हणजे या अर्ध्या फ्रेम, आहेत तशा ठेवा म्हणून.

खरी अडचण व्हीसीआरची, म्हणजे कॅसेट चालवायच्या मशीनची आहे. फुनाई कंपनीनं २०१६ ला बनवायचे बंद केले, शेवटची तीच उरली होती. आणि आपल्याकडं पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात कॅसेटचं काय होत असेल, विचारायलाच नको. बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका, हेड खराब होतो आणि पुढची चांगली कॅसेट पण जाते.

माझ्याकडं एक व्हीसीआर अजून चालतोय, बेल्ट बदलून घेतलाय. कुणाकडं १९९६ च्या अक्षतांची कॅसेट माळ्यावर पडली असेल तर भंगारवाला यायच्या आत तुमच्या पेपरमार्फत निरोप द्यावा, मी घरी येऊन घेऊन जाईन आणि मूळ कॅसेट परत आणून देईन.

आपला,
एक जुना शूटिंगवाला, सोलापूर